उलट्या हातांचा पाणबुड्या

माणूस गेलं तरी त्याची हनुवटी कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर राहते. दार उघडलं तेव्हा डावरीला आधी ती हनुवटीच दिसली. मधोमध खळगी, कुणीतरी ओल्या मातीत बोट टेकवावं तशी. मग चष्मा दिसला, मग खांद्यावरची पिशवी. बाई पस्तिशी ओलांडलेली होती. डावरीने नावगाव विचारलं नाही. "टकळीची लेक ना तू?" एवढंच म्हणाली आणि वाट देऊन बाजूला झाली.

टकळी आणि डावरी ही काही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. खेळण्यांच्या कारखान्यात प्रत्येकीला असं एक नाव चिकटायचं आणि मग ते काही केल्या सुटायचं नाही. एकीच्या तोंडाची टकळी सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत चालायची, म्हणून ती टकळी. दुसरी सगळं डाव्या हाताने करायची, म्हणून ती डावरी. एकाच बाकावर समोरासमोर दोघी चौदा वर्षं बसल्या. बोटाएवढ्या रोबोंना हात बसवायचं त्यांचं काम. मधे गरम पाण्याचं भांडं. त्यात प्लास्टिकचे हात टाकायचे, मऊ झाले की एकेक उचलायचा, खांद्याच्या भोकाला लावायचा आणि अंगठ्याने दाबायचा. टक् असं वाजलं की बसला. दिवसाकाठी इतके हात बसवायला लागायचे की टकळी म्हणायची, देवाला एवढं काम पडलं असतं तर त्याने माणसं थोटीच पाठवली असती.

लेक खुर्चीवर बसली आणि पाण्याचा पेला हातात घेऊन तिने सांगितलं की आईला जाऊन चार महिने झाले. फुप्फुसाचं दुखणं होतं, शेवटी बोलायलाही दम पुरत नव्हता.

"टकळीला दम पुरत नव्हता?" डावरीच्या तोंडून निघून गेलं.

"हो ना. शेवटचे आठ दिवस गप्प होती. घर खायला उठायचं."

मला कुणी कळवलं नाही, असं डावरीच्या ओठावर आलं होतं. पण आपण अशा कोण लागून गेलो होतो, असं वाटून तिने ते गिळलं आणि चहा टाकायला उठली.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायची, काचा घासून फ्रेमला बसवायची. आणि तिला नाद होता जुन्या चिमुकल्या रोबोंचा. तसाच नाद असलेल्या चारदोन जणांबरोबर ती एक मासिक काढायची. दर अंकात रोबोंचा एक जुना संच घेऊन त्याचं परीक्षण छापायचं. रंग कसा उतरला आहे, सांधे घट्ट आहेत की लुळे, उभा केला तर उभा राहतो का, साच्याची शिवण कुठे दिसते, सगळं बारीकसारीक. या वेळचा संच होता 'सहा कामकरी'. तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. आत कापूस आणि कापसात सहा जण झोपलेले. अग्निशामक, खाणवाला, माळी, तारांच्या खांबावर चढणारा तारवाला, रंगारी आणि पाणबुड्या. सगळे डावरीच्या आणि टकळीच्या बाकावरून गेलेले. डावरीला एकदम गरम प्लास्टिकचा वास आला. आता इतक्या वर्षांनी त्यांना कसला वास येणार, पण आला.

"आईच्या पेटीत होते," लेक म्हणाली. "बाकीचे पाच तिने नंतर कुठून कुठून जमवले. हा मात्र ती कारखान्यातूनच घेऊन आली होती, शेवटच्या दिवशी."

तिने पाणबुड्या उचलून टेबलावर उभा केला. पाणबुड्याच्या डाव्या हाताला दिवा असतो आणि उजव्याला चिमटा. याच्या उजव्या हाताला दिवा होता आणि डाव्याला चिमटा.

मग लेक सांगत गेली. असे उलट्या हातांचे थोडे पाणबुडे बाजारात गेले होते, आणि आता नाद असलेली माणसं त्यांच्यासाठी जीव टाकतात. हा ज्याच्याकडे आहे तो मिरवतो. मागे एका गृहस्थाने त्यांच्याच मासिकात थट्टेने लिहिलं होतं, कुणा अडाणी बाईला डावं-उजवं कळत नसणार, तिचे उपकार मानायला हवेत. ते वाचून लेकीने अंक मिटून ठेवला होता. ती अडाणी बाई म्हणजे आपली आई, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. घरात दुसरी गोष्ट नव्हती. चूक केली म्हणून नोकरी गेली, मग इस्त्रीच्या दुकानात उभं राहून उभं राहून पाय सुजवून घेतले, आणि वर नवऱ्याची बोलणी. बाप ताटावर बसला की म्हणायचा, घास उजव्या हाताने घे हं, उजवा म्हणजे घड्याळ नाही तो.

"आणि आम्ही हसायचो," लेक म्हणाली. "मी पण हसायचे, मावशी. मोठी झाल्यावरही. माझ्या मुलाला बूट घालायला बसली की मीच म्हणायचे, आई, राहू दे, तू उलटे घालशील. ती पण हसायची."

तिला हवं होतं ते असं. डावरीने या संचाचं परीक्षण लिहावं, कारण हे रोबो ज्यांच्या हातून गेले त्यांतलं आता दुसरं कोणी हाती लागत नव्हतं. आणि शेवटी पाणबुड्याबद्दल लिहावं की हा टकळीच्या हातचा, मी समोर बसायचे, मला ठाऊक आहे. शेजारी ती आईचा फोटो छापणार होती. "ज्या चुकीपायी जन्मभर ऐकून घेतलं, तीच चूक लोक आता डोक्यावर घेऊन नाचतात. निदान गेल्यावर तरी तिला मान मिळू दे. तुम्ही लिहिलंत तर कोणी शंका घेणार नाही."

डावरी म्हणाली, मला कुठलं लिहिता येतंय. पण ते खोटं होतं आणि लेकीला ते माहीत होतं. कारखाना बंद पडल्यावर, साठी उलटल्यावर, नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून डावरी अक्षरं शिकली होती. सहा वर्षांपूर्वी बाजारात टकळी भेटली तेव्हा तिने हौसेने ते तिला सांगितलंही होतं. टकळीने रस्त्यात उभं राहून अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला, लेकीचा नाद, नवऱ्याचा खोकला, इस्त्रीवालीची कटकट, सगळं सांगितलं, त्या एका गोष्टीचं नाव काढलं नाही, आणि जाताना म्हणाली, आता मला पत्र लिही बघू. डावरी म्हणाली, लिहीन. लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं आणि तेच लिहवत नव्हतं.

डबा आणि एक भिंग ठेवून, आठ दिवसांनी येते, असं सांगून लेक उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "गंमत म्हणजे आई या पाणबुड्याला चांदोबा म्हणायची. का, ते कधी सांगितलं नाही. समुद्राच्या तळाशी कसला आलाय चांदोबा?"

डावरीने हातातली कपबशी मोरीत नेली आणि विसळलेली होती तरी पुन्हा विसळली.

दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीत आली तशी डावरी वही घेऊन बसली. तिने पाणबुड्या डब्यातच ठेवला आणि बाकीचे पाच पुढ्यात मांडले. लेकीने ठेवलेलं भिंग होतं, पण हातच पुरेसे होते. तिने अग्निशामकाचा खांदा फिरवला, कोपर फिरवलं, आणि तिला जे वाटलं ते लिहीत गेली, सुईत दोरा ओवावा तसं एकेक अक्षर जुळवत. अग्निशामकाचा रंग छान टिकला आहे, पण साचा जिथे जुळतो ती शिवण नाकावरून गेली आहे, त्यामुळे तो कायम शिंक अडकल्यासारखा दिसतो. खाणवाल्याचे पाय जड केले आहेत, तो ढकलला तरी पडत नाही. कारखान्यात आम्ही त्याला जावई म्हणायचो. माळ्याची मान फक्त एका बाजूला वळते, माझ्या थोरल्या दिरासारखी. बायकोची बाजू सोडून. तारवाला उत्तम, पण त्याचा पट्टा नंतर कुणीतरी चिकटवला आहे, मुळातला नाही. रंगाऱ्याचा उजवा गुडघा लुळा पडला आहे, त्याला चिकटपट्टी लावू नये, गरम पाण्यात धरून दाबावा, बसेल.

हे लिहायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत ती दोनदा स्वतःशीच हसलीसुद्धा. चौथ्या दिवशी पाणबुड्याला बाहेर काढायचं तेवढंच राहिलं होतं म्हणून काढला. पालथा केला. उजव्या खांद्याच्या मागे, जिथे अंगठा दाबायचा तिथे, बारीक वाकडी खूण होती. तांदळाच्या दाण्याएवढी, चंद्राच्या कोरीसारखी.

तिने आपला डावा अंगठा त्या खुणेवर ठेवला. नख त्यात बसलं.

फार पूर्वी, टकळीच्या समोर बसायच्या आधी, डावरीचा तो अंगठा साच्याच्या यंत्रात चेमटला होता. नख गेलं आणि नवं आलं ते वाकडं, काठाला धार असलेलं. मऊ प्लास्टिकवर अंगठा दाबला की त्याची खूण उमटायची. मुकादमाला कधी दिसली नाही, मागच्या बाजूला कोण बघतंय. टकळीला मात्र पहिल्या आठवड्यातच दिसली होती. डावरीच्या पेटीतला रोबो हातात आला की ती उलटून बघायची आणि म्हणायची, हा तुझा गं, याच्या पाठीवर चांदोबा आहे.

डावरी खिडकीपाशी बसून राहिली. ऊन टेबलावरून जमिनीवर गेलं, जमिनीवरून भिंतीवर गेलं.

एकतीस वर्षांपूर्वीची एक दुपार होती. टकळीला शेजारणीचा निरोप आला की पाच वर्षांच्या मुलीला ताप भरला आहे, आईच्या नावाने रडते आहे. पासाशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही असा नियम होता, आणि पास मागितला तर मुकादम देणार नव्हता. त्याहून कडक नियम असा की कोणी पासाशिवाय गेली तर तिला घरी बसवायचं, आणि तिचं काम जिने झाकलं तिलाही. टकळी बसल्या जागी चुळबुळत होती, बोलत नव्हती. डावरीच म्हणाली, जा मागच्या दाराने, मी तुझी पेटी ओढते. टकळी गेली.

त्या पेट्या म्हणजे दोन खणांचे लाकडी ट्रे, झालेले रोबोही त्यांतूनच पुढे जायचे. डाव्या खणात डावे हात, उजव्या खणात उजवे. डावरी डावखुरी, म्हणून ती आपली पेटी कायम उलटी फिरवून ठेवायची. तिच्या हातांना तीच सवय. रोबोला पालथं घालायचं, या खणातला हात पाण्यात बुडवून इकडे, त्या खणातला तिकडे. बघायलाही लागायचं नाही. त्या दुपारी तिने टकळीची पेटी पुढे ओढली आणि ती फिरवून घ्यायची विसरली. डोळे घड्याळावर आणि मुकादमाच्या खोलीच्या दारावर. हात आपले सवयीने चालले होते. पाऊण तासात साठ पाणबुडे झाले आणि साठच्या साठ उलट्या हातांचे. पेटीवर चिठ्ठी टकळीच्या नंबराची.

टकळी परत आली तेव्हा पेटी पुढे गेली होती. उतरलाय ताप, म्हणाली, आणि डावरीच्या पाठीवर एक धपका घालून कामाला लागली.

तीन आठवड्यांनी मोठ्या गिऱ्हाइकाने न खपलेली खोकी परत पाठवली. मुकादमाने त्यातले मूठभर पाणबुडे आणि ती चिठ्ठी बाकावर टाकली. नंबर टकळीचा. टकळीने एक पाणबुड्या उचलला. पालथा केला. खांद्याच्या मागे बघत राहिली. मग ती म्हणाली, "माझंच काम. नजर चुकली."

मुकादमाने डावरीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हे डावरीने पुढे हजार वेळा मनात घोळवलं, पण त्याने विचारलंच नाही. ती गरम पाण्यातले हात ढवळत होती. नवरा शिडीवरून पडून अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन पोरं, अशी सगळी कारणं तिच्याजवळ होती, आणि ती खरीही होती. टकळीने ॲप्रन काढून घडी घातली. तो एक पाणबुड्या खिशात टाकला. जाताना डावरीच्या भांड्यात बोट बुडवून म्हणाली, "पाणी गार झालंय गं. बदलून घे."

त्यानंतरची सगळी वर्षं डावरी एका समजुतीवर जगली. तिला वाटायचं, टकळीला खरंच आपली चूक वाटली असेल. तीन आठवड्यांपूर्वीच्या पेटीचं कुणाला काय आठवतंय. खांद्यामागे ती काय बघत होती, याचा विचार मनात आला की डावरी उठून काहीतरी काम काढायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. आणि बाजारात टकळी हसून बोलली तेव्हा तर तिला वाटलं, बघा, हिला काही माहीत नाही. माहीत असतं तर अशी बोलली असती का?

आता पाणबुड्या पुढ्यात होता. टकळीने तो एकतीस वर्षं कापसात ठेवला होता आणि त्याला चांदोबा म्हणत होती. घरात सगळे हसत असताना, घास उजव्या हाताने घे म्हणत असताना, पेटीत तिच्या निर्दोषपणाचा पुरावा होता, आणि तिने तो कुणाला दाखवला नव्हता.

डावरीने त्या दिवशी लिहून पाहिलं. 'हा पाणबुड्या टकळीच्या हातचा आहे.' पाचच शब्द. चांगलं अक्षर आलं होतं. टकळी गेली, तिला आता कशाचं काय. फोटो छापून येईल, मान मिळेल, लेकीच्या मनाला बरं वाटेल. कुणाचं काही बिघडत नाही. एका बाजूने बघितलं तर हा टकळीवर उपकारच. पण मग तिला तो फोटो दिसायला लागला, हनुवटीच्या खळगीसकट, आणि खाली छापलेलं, हिला डावं-उजवं कळत नव्हतं. चौदा वर्षांत टकळीच्या हातून एक हात वाकडा बसला नव्हता. बोलण्याच्या नादात सगळं विसरायची, पण हात नाही. डावरीने तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं आणि पुन्हा फाडलं. सुनेने विचारलं, आई, काय चाललंय, एवढे कागद? डावरी म्हणाली, शुद्धलेखन.

आठव्या दिवशी लेक आली. तुमच्याच तोंडून ऐकते, तुम्हीच वाचा, म्हणाली. डावरीने अग्निशामकापासून सुरुवात केली. लेक शिंकेला हसली, जावयाला हसली, माळ्याच्या मानेला तर चष्मा काढून डोळे पुसले. "अगदी आईसारखं बोलता तुम्ही," म्हणाली. पाच जण झाले. डावरीने वही बंद न करता तिच्याकडे सरकवली.

"सहावा तू वाच. माझ्याच्याने वाचवत नाही."

तिथे असं लिहिलं होतं:

'पाणबुड्या. रंग आहे तसा. सांधे घट्ट. याचे हात उलटे आहेत. हे काम टकळीचं नाही, माझं आहे. पेटी तिची होती पण त्या वेळी टकळी बाकावर नव्हती. तिच्या लहान मुलीला ताप आला होता म्हणून ती घरी गेली होती, मीच तिला जा म्हणाले. मी डावखुरी आहे, तिची पेटी फिरवून घ्यायची विसरले. उजव्या खांद्यामागे माझ्या नखाची खूण आहे. मुकादमाने परत आलेले पाणबुडे दाखवले तेव्हा तिने ती खूण बघितली आणि चूक माझी म्हणाली. मी गप्प बसले. तिला डावं-उजवं कळत होतं. तिच्याइतकं चोख काम त्या कारखान्यात कुणाचं नव्हतं.'

लेकीने वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं. मग पाणबुड्या उचलला, पालथा केला, भिंग डोळ्याला लावलं.

"अंगठा दाखवा."

डावरीने डावा हात पुढे केला. लेकीने तो आपल्या हातात धरला, डोळे तपासताना लोकांची हनुवटी धरत असेल तसा, आणि नखाखाली पाणबुड्या धरून बराच वेळ बघितलं. दुकानातली सवय; एकदा बघून तिचं भागत नव्हतं. मग तिने हात सोडला.

"तिला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"हो."

"मग बोलली का नाही?"

"बोलली असती तर बाहेर गेली होती ते निघालं असतं. तिची नोकरी जायचीच होती. माझीही गेली असती. एकीची वाचण्यासारखी होती, ती तिने वाचवली."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"पाणी ढवळत होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. लेकीने कापूस सारखा केला, एकेकाला त्यात निजवायला लागली. माळ्याला ठेवताना थांबली.

"किती ताप होता मला?"

"ते ती काही बोलली नाही. उतरला म्हणाली. कुशीत घेतलं म्हणे थोडा वेळ, मग तू झोपलीस."

"मला काहीच आठवत नाही."

"पाच वर्षांची होतीस, बाळा."

"बाळा म्हणू नका." ती हळू आवाजातच बोलली. "मला तरी सांगायचं. एकदा तरी. मी तिला बूट घालू देत नव्हते, मावशी. माझ्या पोराला बूट घालू देत नव्हते."

आई का बोलली नाही, याचं उत्तर डावरीपाशी होतं. ते लेकीच्याही ध्यानात येत चाललेलं तिला त्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणासाठी बाहेर गेली होती, आणि ते त्या पोरीला कळलं असतं तर पोरीने ते कुठे ठेवलं असतं. या खेपेला गप्प बसणं बरोबर होतं की पुन्हा चुकलं, हे तिला कळलं नाही.

लेकीने डबा पिशवीत घातला, वहीतली पानं नीट फाडून घेतली. चहाला नको म्हणाली. दारात म्हणाली, "छापीन. जसं आहे तसं छापीन. पण मला फोन करू नका. मी तुमचं तोंड बघू शकत नाही असं नाही. पण नका करू."

डावरी म्हणाली, बरं.

सव्वा महिन्याने टपालाने मासिक आलं. वर पत्ता हाताने लिहिलेला होता, आत चिठ्ठी नव्हती. सुनेने विचारलं, काय आहे, तर डावरी म्हणाली, खेळण्यांचं आहे. आणि खिडकीशी जाऊन बसली. मधल्या पानावर टकळीचा फोटो होता, तरुणपणचा, तोंड किंचित उघडं. फोटो काढतानाही ती काहीतरी बोलत असणार. खाली तिचं खरं नाव छापलं होतं. डावरीला ते वाचायला वेळ लागला. चौदा वर्षांत तिने त्या नावाने तिला एकदाही हाक मारली नव्हती.

तिने ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. शिंक होती, जावई होता, माळ्याची मान होती. एकही शब्द बदलला नव्हता. जिथे काना-मात्रा चुकली होती तेवढी दुरुस्त केली होती. मग पाणबुड्या आला. 'हे काम टकळीचं नाही, माझं आहे.' हे होतं. 'पेटी तिची होती पण त्या वेळी टकळी बाकावर नव्हती.' हेही होतं. त्याच्यापुढे होतं, 'मी डावखुरी आहे.'

डावरीचं बोट थांबलं. तिला वाटलं आपलीच ओळ चुकली. ती मागे गेली, पुन्हा आली. पान उलटून मागे बघितलं. तापाची ओळ नव्हती.

आधी तिला राग आला. आता लोक म्हणणार, बाकावर नव्हती तर कुठे उंडारत होती? पुन्हा टकळीच्याच माथी. तिने वही ओढली, पेन उघडलं. मासिकाला कळवायचं, तुमच्या अंकात एक ओळ गळली आहे, ती अशी. 'तिच्या लहान मुलीला' एवढं लिहून झालं आणि तिचा हात तिथेच राहिला. ही ओळ कंपोझ करताना गळली नव्हती. चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर कुठेतरी एका टेबलाशी बसून, ज्या बाईने नखाची खूण दोनदा भिंगातून तपासली, तिने ती ओळ काढली होती. तिने ती किती वेळा ठेवली असेल आणि किती वेळा काढली असेल, हे जगात एका माणसाला कळण्यासारखं होतं, आणि ते माणूस वही घेऊन खिडकीशी बसलं होतं.

डावरीने पेनाला टोपण लावलं. फोटोतल्या टकळीकडे बघितलं. मग आत जाऊन सुनेला म्हणाली, आज भांडी मी घासते. सून म्हणाली, आई, अहो घासून झाली.

"असू दे," डावरी म्हणाली आणि नळ सोडला.